विम्याच्या यादीतला डॉक्टर: आमची फसवणूक कशी झाली

अमेरिकेत नोकरीतून आरोग्य विमा घेतला की ‘आमच्या यादीतून तुमचा डॉक्टर निवडा’ असं सांगतात. ती यादीच खोटी निघाली तर काय होतं, ते आमच्या घरात घडलं. इथे नव्याने आलेल्यांनी, नोकरी बदलणाऱ्यांनी आणि विशेषतः घरात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड असं कायमचं दुखणं असणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे. विमा कंपनीचं आणि क्लिनिकचं नाव देत नाही. एका बिलाचं भांडण अजून चालू आहे, आणि हा प्रकार एकाच कंपनीपुरता नाही हे मला आता कळलं आहे.

नवऱ्याच्या नव्या नोकरीत दोन प्लॅन होते. पीपीओ, म्हणजे ज्यात रेफरलशिवाय आणि यादीबाहेरच्या डॉक्टरकडेही जाता येतं, त्याचा हप्ता जड, एचएमओचा बराच कमी. एचएमओत तुमचा एक ठरलेला प्रायमरी डॉक्टर असतो, ज्याला सगळे पीसीपी म्हणतात. हृदयाचा, डोळ्यांचा, कुठलाही तज्ज्ञ दाखवायचा तर बहुतेक वेळा त्याच्याच रेफरलने, म्हणजे शिफारशीने जायचं. नेटवर्कबाहेर, म्हणजे प्लॅनशी करार नसलेल्या डॉक्टरकडे गेलात, तर तातडीची वेळ सोडून विमा सहसा एक पैसाही देत नाही. नवऱ्याला नुकताच मधुमेह निघाला होता. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तपासायचं, औषधं वरखाली करायची, म्हणजे तेच ते डॉक्टर पाहिजेत, फोन उचलणारे पाहिजेत आणि घरापासून जवळ पाहिजेत. म्हणून आम्ही आधी डॉक्टर शोधला आणि मग प्लॅन घेतला. विमा कंपनीच्या साइटवर आमच्या प्लॅनचं नाव निवडून शोधल्यावर एक डॉक्टर सापडले. अनुभव भरपूर, मधुमेहाच्या पेशंटांची आवड, पत्ता जवळचा, आणि नावाखाली स्पष्ट लिहिलेलं की नवीन पेशंट घेतात. या एका नावावर आम्ही एचएमओवर शिक्का मारला. नवऱ्याने त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. पुढे तोच कामाला आला.

पहिली शंका आम्हाला विम्याचं कार्ड आलं तेव्हाच यायला हवी होती, कारण त्यावर भलत्याच डॉक्टरांचं नाव छापलेलं होतं. आपण पीसीपी निवडला नाही किंवा निवडलेला त्यांच्या सिस्टीमला सापडला नाही, तर कंपनी परस्पर कुणाचं तरी नाव लावते. फोन केल्यावर पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, ‘बदलून दिलंय, पुढच्या एक तारखेपासून लागू.’ क्लिनिकला फोन केला. फ्रंट डेस्क म्हणाला, ‘हो, आम्ही तुमचं इन्शुरन्स घेतो.’ दोन्ही बाजूंनी होकार मिळाल्यावर आणखी काय विचारायचं राहतं?

डॉक्टर खरोखर चांगले होते, हे मुद्दाम लिहिते. घाई न करता बसले, खाण्यापिण्याचं विचारलं, पायांची संवेदना तपासली, रक्त आणि लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. घरी येताना नवरा कितीतरी दिवसांनी निवांत दिसला. मग एकामागून एक पत्रं यायला लागली. विमा कंपनीच्या ईओबीवर (कंपनी किती देणार आणि आपण किती द्यायचं ते सांगणाऱ्या पत्रकावर) ‘प्रोव्हायडर नेटवर्कमध्ये नाही’ असा शेरा आणि आमच्या वाट्याला पूर्ण रक्कम. हृदयरोगतज्ज्ञाचा क्लेमही नाकारलेला, कारण रेफरल नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरने दिलेलं. लॅबचं बिल वेगळंच. सगळं मिळून आकडा हजारांत गेला.

उलगडा झाला तो असा. एकाच विमा कंपनीची अनेक नेटवर्क असतात. त्या डॉक्टरांच्या ग्रुपचा करार कंपनीच्या मोठ्या पीपीओ नेटवर्कशी होता, आमच्या एचएमओच्या छोट्या नेटवर्कशी नव्हता. तरी यादीत त्यांचं नाव आमच्या प्लॅनखाली झळकत होतं, आणि बिलं आल्यावरही काही आठवडे झळकतच राहिलं. क्लिनिक म्हणालं, आम्ही या कंपनीचे पेशंट घेतो असं सांगितलं होतं, तुमचं नेटवर्क कुठलं ते तुम्ही बघायचं. विमा कंपनी म्हणाली, यादी केवळ माहितीसाठी असते. क्लिनिकने आणखी एक कागद पुढे केला. पहिल्या भेटीच्या आधी टॅबलेटवर भराभर सह्या घेतात, त्यातल्या एका पानावर लिहिलेलं होतं की विम्याने न दिलेली रक्कम पेशंट देईल. माणूस तपासणीसाठी उपाशी पोटी आलेला असताना, मागे रांग उभी असताना अशी सही घ्यायची आणि नंतर ती तोंडावर फेकायची, याला मी फसवणूकच म्हणते.

दुसरा डॉक्टर बघावा म्हणून यादीतल्या इतर नावांना फोन करायला बसले, तेव्हा खरं चित्र दिसलं. एक डॉक्टर निवृत्त झालेले. एक दुसऱ्या राज्यात गेलेले. एक फक्त हॉस्पिटलात भरती झालेल्यांनाच बघणारे, त्यांचं क्लिनिक कधी नव्हतंच. एका ठिकाणी फोन उचलणाऱ्या मुलीने सांगितलं की आमच्याकडे या नावाचं कुणीच नाही. अशा याद्यांना इथे ‘घोस्ट नेटवर्क’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने डिसेंबर २०२३ मध्ये एक अहवाल काढला. विमा कंपन्यांच्या याद्यांतल्या जवळपास ४०० मानसोपचार देणाऱ्यांना त्यांनी स्वतः फोन करून बघितले होते. त्यातले ८६ टक्के उपलब्धच नव्हते: कुणी फोनवर सापडले नाहीत, कुणी त्या नेटवर्कमध्ये नव्हते, कुणी नवीन पेशंट घेत नव्हते. ती पाहणी मानसोपचारापुरती होती, पण ती वाचताना मला आमचीच यादी समोर दिसली. लांबलचक यादी दाखवून प्लॅन विकायचा, आणि पैसे भरणाऱ्याला त्यातला डॉक्टर मिळतो की नाही हे त्याच्या नशिबावर सोडायचं. माझा संताप होतो तो याच गोष्टीचा. डॉक्टर मिळाला नाही म्हणून सहसा मधेच प्लॅनही बदलता येत नाही, पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे वर्षातून एकदा प्लॅन निवडायची मुदत येईपर्यंत थांबावं लागतं. मधुमेहाला ते समजत नाही. नवऱ्याची साखर त्या गोंधळात वाढत गेली, आणि याची भरपाई कुठल्याच अपिलात मागता येत नाही.

आता कामाचं. बहुतेकांना ठाऊक नसलेला एक कायदा आहे, तो नीट समजून घ्या. ‘नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट’ हा डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी २०२२ पासून सुरू होणाऱ्या प्लॅन-वर्षांना लागू आहे. लोकांना वाटतं तो फक्त इमर्जन्सीसाठी किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलातल्या बाहेरच्या डॉक्टरांच्या बिलांसाठी आहे. क्लिनिकने आम्हालाही तेच सांगून गप्प करायचा प्रयत्न केला. पण त्याच कायद्यात डॉक्टरांच्या यादीबद्दल वेगळी तरतूद आहे. विमा कंपनीने निदान दर ९० दिवसांनी यादीतली माहिती पडताळली पाहिजे. एखादा डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का असं तुम्ही फोनवर विचारलंत, तर एका कामकाजाच्या दिवसात लेखी उत्तर दिलं पाहिजे आणि त्याची नोंद दोन वर्षं जपली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यादीत किंवा उत्तरात डॉक्टर नेटवर्कमध्ये असल्याचं दाखवलं आणि त्यावर विसंबून तुम्ही गेलात, तर तुमच्याकडून नेटवर्कमधल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती रक्कम तुमच्या डिडक्टिबलमध्येही (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात आपण भरायच्या रकमेत) धरली गेली पाहिजे. तुम्ही आधीच जास्त भरले असतील तर डॉक्टरने ते व्याजासकट परत करायचे असतात.

फोनवर ही तरतूद सांगून काहीच हललं नाही. प्रत्येक वेळी नवीन माणूस, नवीन उत्तर, आणि शेवटी ‘क्लेम बरोबर प्रोसेस झालाय’ हे ठरलेलं वाक्य. लेखी अपील केलं तेव्हा गाडी पुढे सरकली. क्लेम नाकारल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडे अपील करता येतं. त्यात स्क्रीनशॉट जोडला, कंपनीच्या बाईंशी झालेल्या बोलण्याची तारीख, वेळ आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहिला, यादीची तरतूद कुठल्या कायद्यातली तेही लिहिलं, आणि कार्डावर आपोआप लावलेल्या डॉक्टरांची गोष्टही घातली. एक प्रत नवऱ्याच्या ऑफिसात एचआरकडे दिली. हे पाऊल मोलाचं ठरलं. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचाराचे पैसे स्वतःच्याच खिशातून देतात आणि विमा कंपनी फक्त कारभार बघते. अशा ठिकाणी एचआरचा एक ईमेल आपल्या दहा फोनांपेक्षा जड भरतो. असा प्लॅन असेल तर तक्रार केंद्राच्या कामगार खात्याकडे करायची, नसेल तर राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे. कुणाकडे जायचं हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची नो सर्प्रायझेस हेल्पलाइन आहे: १-८००-९८५-३०५९.

अपील मान्य झालं. डॉक्टरांच्या भेटीचा फक्त कोपे (दर भेटीला आपण द्यायची ठरलेली रक्कम) द्यावा लागला, आणि हृदयरोगतज्ज्ञाचा क्लेमही पुन्हा उघडून मंजूर केला.

नवा डॉक्टर निवडताना आता मी क्लिनिकला जे विचारते ते इथे देते. ‘आमचं इन्शुरन्स घेता का’ एवढंच विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. कार्डावरचं प्लॅनचं आणि नेटवर्कचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि विचारा की हे डॉक्टर, याच पत्त्यावर, या नेटवर्कमध्ये करारबद्ध आहेत का. एकच डॉक्टर दोन पत्त्यांवर बसत असेल तर एक पत्ता नेटवर्कमध्ये आणि दुसरा बाहेर असू शकतो. फ्रंट डेस्क अडखळला तर बिलिंग विभाग मागा. मग हाच प्रश्न विमा कंपनीला विचारा आणि उत्तर ईमेलने मागा. नवीन पेशंटला पहिली तारीख कधीची मिळते तेही लगेच विचारा, कारण ‘नवीन पेशंट घेतात’ याचा अर्थ पाच महिन्यांनी, असाही निघतो. आणि रेफरल कोण करतं, किती दिवसांत करतं, हे एचएमओत नक्की विचारा. चांगला डॉक्टर असून त्याच्या ऑफिसातला रेफरल बघणारा माणूस ढिला असेल तर सगळं अडतं.

वार्षिक तपासणीतही असाच एक खड्डा आहे. वर्षातून एकदाची प्रतिबंधक तपासणी नेटवर्कमध्ये फुकट असते, पण तीत एखादं नवं दुखणं काढलंत आणि डॉक्टरने त्यावर वेगळं काम केलं, तर त्या कामाचं बिल वेगळं लागू शकतं. दुखणं लपवू नका, ते सांगायचंच. फक्त ‘हे याच भेटीत धरणार की वेगळं बिल लागेल’ असं तिथेच विचारा.

वाद चालू असताना क्लिनिककडून वसुलीची धमकी आली तर घाबरून पैसे भरू नका. बिल वादात असल्याचं लेखी कळवा. लोकांच्या कर्जफेडीचा रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही मोठ्या क्रेडिट कंपन्या वसुलीला गेलेलं वैद्यकीय बिल वर्षभर रिपोर्टवर घेत नाहीत, आणि २०२३ पासून ५०० डॉलरखालची अशी बिलं अजिबात घेत नाहीत. हे ठाऊक असतं तर आमच्या कितीतरी रात्रींची झोप वाचली असती.

लॅबचं बिल मात्र अजून सुटलेलं नाही. क्लिनिकने रक्त स्वतःच्या ओळखीच्या लॅबला पाठवलं, ती लॅब आमच्या यादीत कधीच नव्हती, त्यामुळे यादीवर विसंबल्याचा मुद्दा तिथे लागू होत नाही असं कंपनीचं म्हणणं आहे. एचआर त्यावर भांडत आहे. तुम्ही रक्त देण्याआधी ते कुठल्या लॅबला जाणार हे विचारा. ती लॅब नेटवर्कमध्ये नसेल तर तपासणीची ऑर्डर कागदावर मागून घ्या आणि नेटवर्कमधल्या लॅबमध्ये स्वतः जाऊन रक्त द्या.