कार्डातले वामनदादा: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

स्पीकरचं आधी उरकतो. १२०० रुपयेवाला, सगळीकडे मिळतो तोच. आवाज घरापुरता पुष्कळ, बॅटरीही बरी. पण दिवाळीनंतर मेमरी कार्डाची खाच सैल झाली. सर्व्हिसवाल्याने ४५० मागितले, वर "वॉरंटीत हे येत नाही" असं ऐकवलं. भांडलो, पैसे दिले नाहीत. आता कागदाची घडी खोचून चालवतो. दोन तारे.

खरं लिहायचंय ते कार्डाबद्दल. नाशिकच्या शालिमार भागातल्या एका दुकानातून १५० रुपयांत 'जुनी भीमगीतं' भरून घेतली होती. सिन्नरच्या कंपनीत सेकंड शिफ्ट, त्यामुळे सकाळ मोकळी असते. गाणी कानाला ओळखीचीच. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला एप्रिल महिना तेवढं शिकवतोच. पण फायलींची नावं बघा: 'ट्रॅक ०४', 'नॉनस्टॉप २'. फार तर गायकाचं नाव, प्रल्हाद शिंदे वगैरे. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही.

गल्लीतले एक मामा पूर्वी गायनपार्टीत पेटी वाजवायचे. ते म्हणाले, "शेवटचं कडवं ऐकत जा रे. सही तिथं असते." ऐकलं. 'वामन'. पुढच्या गाण्यात वामन, त्याच्या पुढच्यातही वामन! वामनदादा कर्डक, जन्म १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. म्हणजे मी रोज ज्या तालुक्यात कार्ड पंच करतो तिथलाच माणूस. मुंबईत मजुरी, गिरणी. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते वाचता येईना, म्हणून मोठेपणी अक्षरं शिकले. आणि मग हजारोंनी गाणी लिहिली. २००४ साली नाशिकमध्येच गेले. आंबेडकरी घरांत त्यांचं नाव पोराटोरांना ठाऊक असतं. त्या घरांबाहेर विचारून बघा, गाणं गुणगुणतील आणि नाव विचारलं की गप्प.

आता माझी मुख्य तक्रार. कार्डावरच्या 'नॉनस्टॉप' फायलींत मात्र दोन-दोन कडवी ठेवून पुढचं गाणं चिकटवलंय. म्हणजे कापलं काय, तर नेमकी सही! ढोलकीचे लांबलचक तुकडे शाबूत, कोरस शाबूत, नाव गायब. दुकानदार म्हणतो, "गाणं तेवढंच आहे, साहेब." तेवढंच कसं असेल? धनादेशावरची सही फाडून बँकेत देऊन बघ म्हणावं.

कार्डावर दादांच्या स्वतःच्या आवाजातलं एक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही आहे. सुरुवातीला ते पुढे ढकलायचो: खरखर, पेटी पुढे, शब्द मागे, मध्येच कुणीतरी खोकतंय. पैसे वाया गेले असंच वाटलं होतं. आता सगळ्यात जास्त तेच लावतो. त्यात ते ओळ म्हणतात, थांबतात, तीच पुन्हा म्हणतात; लोकांपर्यंत पोचली याची खात्री झाली की मगच पुढे जातात. साध्या बोलीतला यमक असा बसवलाय की दुसऱ्यांदा ऐकताना गंमत कळते. मालक-मजुरांच्या हिशोबाचं गाणं लागलं तेव्हा तर बायकोने कुकर बंद करून ऐकलं. आणि शेवटचं कडवं? पूर्ण. नावासकट.

'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे गीतसंग्रह जुन्या पुस्तकांत शोधतोय. कोरी प्रत महाग पडली तर मामांची मागून आणीन. स्टुडिओतली गाणी अखंड, शेवटच्या कडव्यापर्यंत कुणाकडे असतील तर सांगा. १५० पुन्हा द्यायला तयार आहे, फक्त फाईलला 'ट्रॅक ०४' नाव नको.