बकऱ्याच्या कातड्याचे मातीचे घुमट: मुलाचे पहिले वाद्य म्हणून कसे आहे?

मुलासाठी कीबोर्ड घ्यायच्या विचारात असाल तर आधी घुमट, म्हणजे मडक्याला कातडे मढवलेले गोव्याचे तालवाद्य, पाहा. ज्या घरात चतुर्थीला आरत्या रंगतात, तिथल्या मुलासाठी याहून चांगले पहिले वाद्य आम्हाला माहीत नाही. ते विशिष्ट सुरात लावावे लागत नाही आणि शिकवणारी माणसे वाड्यावरच भेटतात. शिवाय ते फुटते. म्हणजे ते जपावे लागते, आणि वाद्य जपता जपताच मूल खूप काही शिकते.

२०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी ते घोरपडीच्या कातड्याने मढवत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोरपड संरक्षित आहे, त्यामुळे तसले घुमट कोणी देऊ केले तरी घेऊ नये. बकऱ्याचे कातडे त्या मानाने जाड, नाद थोडा दबका. कसलेल्या वादकाला हा फरक जाणवतो, शिकणाऱ्या मुलाचे त्यावाचून काही अडत नाही. कातडे का बदलले हे मात्र मुलाला नीट सांगावे. आपल्या नादामागे कुंभाराची माती आहे, मढवणाऱ्याचे कसब आहे आणि एका जनावराचे कातडेही आहे, हे ज्याला ठाऊक असते ते मूल घुमट आपटत नाही. दिवेलागणीला वाद्याला नमस्कार करायला लावणे सोपे आहे, पण एवढ्याने कृतज्ञता येत नाही. एकदा गोव्यातल्या डिचोलीच्या बाजूला कुंभाराच्या चाकावर मडके चढताना दाखवा, त्याचा उपयोग जास्त होतो.

घेताना मुलाला सोबत न्या. घुमटाला दोन तोंडे असतात: मोठे कातड्याने मढवलेले, लहान उघडे. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि डाव्या हाताचा तळवा लहान तोंड झाकतो, उघडतो. घुमारा निघतो तो याच झाकण्या-उघडण्यातून. म्हणून वय विचारण्याआधी तळवा लावून पाहावा. लहान तोंड तळव्याने पुरते झाकले जात नसेल तर ते घुमट त्या मुलासाठी मोठे आहे. ‘पुढे दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठे घेण्याची चूक सर्रास होते. मग मूल मनगट वाकडे करून वाजवते, हात दुखतो आणि घुमट कोपऱ्यात पडते.

मडके बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर तडा असेल किंवा माती कच्ची असेल. लहान तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा, खरखरीत कड तळवा सोलते. कातडे उजेडासमोर धरून जाडी सगळीकडे सारखी आहे का, कुठे बारीक छिद्र आहे का, ते बघा. दोरी काठाखाली घट्ट बसलेली हवी. एका बाजूला सैल असेल तर कातडे तिथूनच सरकू लागते.

खरी अडचण पावसाची. घुमट सर्वांत जास्त वाजते ते भाद्रपदात, आणि नेमके तेव्हाच हवेतला दमटपणा शोषून कातडे ढिले पडते. नाद बसला की मुले जोर लावतात. ओलसर कातडे त्या जोराने ताणले जाते आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. उपाय जोराचा नाही, उबेचा आहे. ऊन असेल तर दहा-पंधरा मिनिटे उन्हात ठेवावे, नाहीतर पिवळ्या बल्बपासून वीतभर अंतरावर धरून फिरवत राहावे. मध्ये मध्ये टिचकी मारून ऐकावे, आवाज चढला की थांबावे. चुलीच्या जाळाजवळ नेल्यास कातडे एकदम आकसते आणि काठाशी फाटते. हे काम मोठ्यांनी करून देऊ नये. शेजारी बसून मुलाकडून करून घ्यावे. आरती सुरू होण्याआधी पाऊण तास येऊन वाद्य तापवणाऱ्या मुलाला धीर धरायला वेगळे शिकवावे लागत नाही.

वाजवताना बोटांत अंगठी नको. घुमट चुंबळीवर ठेवावे, फरशीवर नको, आणि उंदरांपासून सांभाळावे. रोज वीस मिनिटे पुरेत. पहिले काही दिवस फक्त दोनच गोष्टी घ्याव्यात: कातड्यावरची मोकळी थाप आणि डाव्या हाताचा घुमारा.

पुढची परीक्षा आरतीच्या मेळात होते. आरती संथ सुरू होऊन चढत जाते, आणि नवे मूल शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठी झांज) यांच्या आधीच धावते. त्याला ‘हळू’ म्हणून ओरडू नका. दोन कडवी नुसते ऐकायला सांगा, तिसऱ्यात सामील होऊ द्या. गाणाऱ्याचा शब्द झाकला जाऊ नये म्हणून आपली थाप हलकी ठेवायची, हे सहावी-सातवीतल्या मुलाला जमले की आम्ही त्याला वादक मानतो. पुढे बसायचा हट्ट सोडून जाणत्याच्या मागे बसणे आणि नंतर त्याला बोटांबद्दल विचारणे, याची सवयही इथेच लागते. अगदी लहान मुलाला कासाळ्यांच्या शेजारी मात्र बसवू नये, बंद खोलीत त्या आवाजाचा कानांना त्रास होतो.

त्रुटी एकच, पण मोठी: कातडे फाटले की पुन्हा मढवून देणारे हात गावोगावी कमी होत आहेत. म्हणून घुमट ऐन चतुर्थीच्या बाजारात घेऊ नका. उन्हाळ्यात, शिमगा संपल्यावर घ्या. तेव्हा कातडे कोरड्या हवेत बसते, मुलाला हात बसवायला वेळ मिळतो आणि दोरी सैल निघाली तर विकणाऱ्याकडे परत नेता येते.