अख्लिसचा ‘मेलिनोई’: कूलर बंद करून ऐकायचा अल्बम

मेलिनोई ही ग्रीक पाताळातली देवी, पाताळाची राणी पर्सेफनीची मुलगी. ऑर्फिक स्तोत्रात (ऑर्फियसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक स्तोत्रांपैकी एका स्तोत्रात) तिचा जन्म कोकायटस नदीच्या मुखाशी झाला असं सांगितलंय; वस्त्र केशरी, अंग अर्धं काळं, अर्धं उजळ. रात्री नाना रूपांत दिसून ती माणसाला वेड लावते. म्हणून स्तोत्राच्या शेवटी विनवणी तिलाच केली आहे, की हे वेड पृथ्वीच्या टोकाला घालवून दे. नागपूरकराला यात नवल वाटणार नाही. तान्ह्या पोळ्याला काळी नि पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडा नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण तेच मागत असतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या अख्लिस या ब्लॅक मेटल (हेवी मेटलचा काळोखा, कर्कश प्रकार) बँडचा हा अल्बम डिसेंबर २०२० मध्ये डेबेमुर मोर्ती या लेबलने काढला. पाच गाणी, साधारण पाऊण तास. नावं नीट वाचली की अर्धं काम होतं: ‘सोम्निलोक्वी’ म्हणजे झोपेत बरळणं, ‘प्निगालिऑन’ गळा आवळणारा, ‘एफिआल्टीस’ अंगावर झेपावणारा. ग्रीकमध्ये दुःस्वप्नाला शब्दच हा आहे. ‘इन्क्युबातिओ’ म्हणजे देवळात निजून स्वप्नात कौल मागणं. ग्रीसमधल्या एपिडॉरसला, अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळात आजारी माणसं असंच करत.

छातीवर कुणी बसलंय, जाग आहे, पण बोटही हलत नाही, हा अनुभव पुष्कळांना असतो. स्वप्नं पडणाऱ्या झोपेत शरीर स्नायू ढिले करून ठेवतं, आणि कधी डोळे उघडले तरी ती पकड लगेच सुटत नाही. अल्बमची भीती नेमकी याच घडणीवर उभी आहे. ड्रम्स ब्लास्ट बीटच्या (न थांबता पडणाऱ्या अतिवेगवान ठोक्यांच्या) वेगाने सुटलेले, गिटारवर ट्रेमोलो पिकिंग, म्हणजे एकच तार झपाट्याने पुन्हापुन्हा छेडणं, अखंड, पण खालची कॉर्ड मात्र कितीतरी वेळ बदलत नाही. वेग भयंकर आणि जागचं हलणं नाही. किंचाळणारा आवाज रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) इतका बुडवलाय की तो समोरून येत नाही, खोलीच्या भिंतींतून आल्यासारखा वाटतो. ‘प्निगालिऑन’मधली फिरून फिरून येणारी सुरावट तर डोक्यातून जात नाही.

दोष एकच, पण मोठा. मिश्रण फार गच्च आहे, बास गिटार वेगळी अशी ऐकूच येत नाही. त्यांचाच २०१५ चा ‘द ड्रीमिंग आय’ या बाबतीत मोकळा होता.

ऐकण्याची जागा इथे फार महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये डेझर्ट कूलरची घरघर रिव्हर्बच्या शेपट्या आणि गाण्यांमधले संथ सिंथचे थर सरळ गिळून टाकते. उरतो फक्त कर्कश गोंगाट, आणि मग लोक म्हणतात, ‘यात आहे काय?’ डिसेंबर-जानेवारीत, कूलर माळ्यावर गेलेला असताना, रात्री अकरानंतर पंखाही बंद करून ऐका. कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन घ्या. बास बूस्ट बंद ठेवा, नाहीतर डबल बास ड्रमचे ठोके एकमेकांत मिसळून चिखल होतो. झांजा टोचत असतील तर इक्वलायझरवर ३ ते ४ किलोहर्ट्झपाशी २-३ डेसिबल कमी करा. कमी बिटरेटचा एमपीथ्री नकोच: सलग झांजा हा एन्कोडरला (फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामला) जवळपास शुद्ध खरखराटच असतो, तो दाबताना पाण्यात बुडबुडे उठल्यासारखा आवाज येतो. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवरून फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावणारी फाइल, घ्या. गाणी शफल करू नका.

एलपी (तबकडी) मागवली तर उभी ठेवा, आणि उन्हाळ्यात उन्हात लावलेल्या गाडीत पाच मिनिटंही सोडू नका. पीव्हीसी मऊ पडून तबकडी वाकते आणि सुई डोलायला लागते.

ब्लॅक मेटलशी पहिलीच ओळख असेल तर ‘प्निगालिऑन’ने सुरुवात करा. ते पचलं तर पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐका.