झॅबिक्स, लिब्रेएनएमएस, नॅगिऑस की ओपनएनएमएस : चुका सापडण्याच्या सोयीनुसार तुलनात्मक आढावा

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या लहान कारखान्यांत व महाविद्यालयांत संगणक विभाग बहुधा दोन-तीन माणसांचा असतो. त्यांनीच प्रिंटर दुरुस्त करायचे, टॅलीचा बॅकअप घ्यायचा, कॅमेरे सुरू ठेवायचे आणि उरलेल्या वेळात नेटवर्कवर लक्ष ठेवायचे. अशा विभागाने नेटवर्क मॅनेजमेंटसाठी मोफत सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले, की झॅबिक्स, लिब्रेएनएमएस, नॅगिऑस कोअर आणि ओपनएनएमएस होरायझन ही चार नावे समोर येतात. वैशिष्ट्यांच्या याद्या ताडून यातली निवड होत नाही, कारण पन्नास-साठ स्विच आणि दहा-बारा सर्व्हर सांभाळायला चौघेही पुरून उरतात. इन्स्टॉल किंवा कॉन्फिगर करताना चूक झाली, तर ती चूक हे सॉफ्टवेअर कोणत्या शब्दांत सांगते, कुठे सांगते आणि ते वाचून दुरुस्ती करणे तुमच्या माणसांना जमेल का, हा माझ्या मते निवडीचा खरा निकष आहे. भोसरीतल्या एका कारखान्यात आणि शिवाजीनगरच्या एका महाविद्यालयात मी या चारही प्रणाली वेगवेगळ्या वेळी उभ्या केल्या आहेत आणि पुढील तुलना त्याच अनुभवावर बेतलेली आहे.

चौघांनाही सारखेच छळणारे दोष

अनेकदा दोष सॉफ्टवेअरचा नसतोच. डेबियन किंवा उबुंटूवर एसएनएमपीडी (यंत्राची माहिती एसएनएमपी या पद्धतीने मॉनिटरिंगला पुरवणारा प्रोग्राम) बसवला, की तो मूळ कॉन्फिगरेशननुसार फक्त 127.0.0.1 या पत्त्यावर, म्हणजे त्याच यंत्रावरून आलेले, ऐकतो. सर्व्हरवर बसून चाचणी केली तर सगळे उत्तम दिसते आणि मॉनिटरिंगच्या यंत्रावरून विचारले तर टाइमआउट येतो. महाविद्यालयात आम्ही या एका कारणापायी फायरवॉलचे नियम दुपारभर उलटसुलट करून पाहिले. शेवटी त्या सर्व्हरवर उघड्या पोर्टांची यादी काढली, तेव्हा यूडीपी 161 च्या डाव्या बाजूला 127.0.0.1 लिहिलेले दिसले आणि एजंटॲड्रेसची ओळ बदलताच दोन मिनिटांत काम झाले. त्याच फाइलमध्ये मूळ व्ह्यूदेखील (बाहेर दाखवायच्या माहितीची हद्द) आखूड असतो, त्यामुळे पत्ता सुधारल्यावर यंत्राचे नाव व अपटाइम मिळतो, परंतु इंटरफेसची माहिती येत नाही. तिथे पुन्हा नव्या सॉफ्टवेअरलाच बोल लावला जातो.

दुसरा दोष ग्राफमध्ये दिसतो. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत 64 बिटांचे काउंटर वाचता येत नाहीत आणि 32 बिटांचा बाइट-काउंटर 1 गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर सुमारे 34 सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी एकदा वाचन करणाऱ्या कोणत्याही प्रणालीला मधले फेरे कळत नाहीत, म्हणून भर कामाच्या वेळी ग्राफ विनाकारण खाली पडलेला दिसतो. स्विच आवृत्ती 2सी किंवा 3 वर जोडणे हाच त्यावर इलाज आहे.

तिसरा दोष भोसरीचे कार्यालय आणि चाकणचे गोदाम यांसारख्या दोन ठिकाणांमधल्या व्हीपीएनचा. एकदम अनेक नोंदी आणणारी बल्क उत्तरे व्हीपीएनच्या बोगद्याच्या एमटीयूपेक्षा (एका पॅकेटच्या कमाल आकारापेक्षा) मोठी झाली, की वाटेत तुटतात आणि हरवतात. पिंग चालतो, यंत्राचे नाव येते, पण 48 पोर्टांच्या स्विचची यादी मात्र कधीच पूर्ण येत नाही. एका विनंतीत मागायच्या नोंदींची संख्या कमी केली, की हा त्रास बहुधा थांबतो. लिब्रेएनएमएसमध्ये ही मर्यादा प्रत्येक उपकरणाच्या एसएनएमपी सेटिंगमध्ये बदलता येते आणि झॅबिक्समध्ये 6.4 या आवृत्तीपासून ती होस्टच्या इंटरफेसवर दिलेली आहे.

झॅबिक्स

लॅटव्हियातल्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी 1998 साली सुरू केलेला आणि 2001 मध्ये खुला केलेला हा प्रकल्प आज या चौघांत सर्वांत भरभक्कम आहे आणि त्याचे सुटे भागही तितकेच अधिक आहेत. सर्व्हर, डेटाबेस, पीएचपीवर चालणारा वेब-भाग आणि तपासायच्या यंत्रावर बसणारा एजंट हे चार भाग एकमेकांशी बोलतात. चूक यांपैकी कोणत्याही दोघांच्या मध्ये असू शकते आणि पडद्यावर दिसणारा संदेश मात्र बहुतेक वेळा एकच असतो : 'झॅबिक्स सर्व्हर इज नॉट रनिंग'.

या वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. वेब-भागाला सर्व्हरच्या 10051 या पोर्टपर्यंत पोहोचता आले नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. सर्व्हर खरोखर बंद असेल, डेटाबेसचा पासवर्ड कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहायचा राहिला असेल किंवा रॉकी लिनक्ससारख्या यंत्रणेवर एसईलिनक्सने (लिनक्समधल्या सुरक्षा-व्यवस्थेने) वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करू दिली नसेल. भोसरीत आमची सबंध संध्याकाळ या तिसऱ्या कारणाने खाल्ली. सेवा हिरवी दिसत होती, सर्व्हरच्या लॉगमध्ये तक्रार नव्हती आणि पडद्याच्या तळाशी ती पट्टी मात्र हटत नव्हती. झॅबिक्सचे एसईलिनक्स धोरण वेगळ्या पॅकेजमध्ये येते आणि घाईत नेमके तेच बसवायचे राहिले होते. ते बसवल्यावर पट्टी गेली. एसईलिनक्स कायमचे बंद करून टाकण्याचा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो, पण तो मानू नये. कारखान्याच्या प्रत्येक स्विचची कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्ड) ज्या यंत्रावर साठवलेली आहे, त्याचेच कुलूप काढून ठेवण्यासारखे ते आहे.

डेटाबेस आयात करतानाची चूक याहून फसवी आहे. मायएसक्यूएल 8 मध्ये बायनरी लॉगिंग मुळातच चालू असते, त्यामुळे साध्या वापरकर्त्याच्या नावाने आयात सुरू केली तर ट्रिगर तयार करण्याच्या टप्प्यावर 1419 क्रमांकाची त्रुटी येऊन काम अर्ध्यातच थांबते. आयातीपुरता लॉग-बिन-ट्रस्ट-फंक्शन-क्रिएटर्स हा पर्याय 1 करून ठेवावा, नंतर तो पुन्हा 0 करावा, असे अधिकृत सूचनांतच लिहिलेले आहे. ती ओळ सुटली तर अर्धवट डेटाबेसवर मलमपट्टी करत बसू नये. तो पुसून, यूटीएफ8एमबी4-बिन कोलेशनसह नव्याने तयार करून पहिल्यापासून आयात करावी.

एजंटच्या बाबतीत मात्र झॅबिक्सचा लॉग प्रामाणिक आहे. सर्व्हरचा पत्ता चुकला असेल, तर कोणत्या आयपीवरून आलेली जोडणी नाकारली आणि परवानगी कोणाला होती, हे एकाच ओळीत लिहिलेले असते. ॲक्टिव्ह तपासणीसाठी (जिच्यात एजंट स्वतःहून माहिती पाठवतो) एजंटच्या फाइलमधले होस्टनेम आणि वेबवर नोंदवलेले होस्टचे नाव अक्षरशः एकच लागते. लहान-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही. तिथे चूक झाली, तर 'होस्ट नॉट फाउंड' असे त्या नावासकट लिहून येते. पहिल्या लॉगिनचे ॲडमिन हे नावही मोठ्या अक्षरानेच सुरू करावे लागते, हे इथेच सांगून ठेवतो.

लिब्रेएनएमएस

ऑब्झर्व्हियमच्या जुन्या जीपीएल आवृत्तीतून 2013 साली फुटून निघालेले हे सॉफ्टवेअर स्विच, राउटर, यूपीएस आणि वायरलेससाठीच घडवलेले आहे. कम्युनिटी स्ट्रिंग दिली, की पोर्ट, तापमान, पंखे, शेजारचे स्विच असे सगळे ते स्वतःच शोधून काढते आणि टेम्पलेट निवडत बसावे लागत नाही. मला त्याबद्दल सर्वाधिक आदर आहे तो त्याच्या व्हॅलिडेट नावाच्या तपासणीमुळे. लिब्रेएनएमएस या वापरकर्त्याच्या नावाने ती चालवली, की पीएचपी, डेटाबेस, फाइलींची मालकी, वेळ आणि पोलर (उपकरणांकडून ठरावीक वेळाने माहिती गोळा करणारा भाग) यांची एकेक ओळ येते. कुठे बिघाड असेल, तर त्याखाली बहुधा तो दुरुस्त करणारी आज्ञाच छापलेली असते. दोन माणसांच्या विभागाला याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

तरीही दोन चुका नेहमी घडतात. पहिली म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने आज्ञा चालवणे. एकदा रूटच्या नावाने लॉग किंवा आरआरडी (ग्राफचे आकडे साठवणारी) फाइल तयार झाली, की पुढच्या फेरीत लिब्रेएनएमएस या वापरकर्त्याला तीत लिहिता येत नाही, मग कुठे ग्राफ थांबतात तर कुठे वेबवर 500 ची त्रुटी येते. व्हॅलिडेट हे पकडते आणि मालकी बदलण्याची आज्ञाही देते. दुसरी चूक फार बारीक आहे. क्रॉनची (ठरावीक वेळी कामे सुरू करणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) फाइल कॉपी करताना तिचे नाव बिंदूशिवाय, नुसते 'लिब्रेएनएमएस' असे ठेवायचे असते. आमच्या एका सहकाऱ्याने सूचना न वाचता मूळ नावाच्या शेवटचे '.क्रॉन' तसेच ठेवले. डेबियनचा क्रॉन ज्या फाइलीच्या नावात बिंदू असतो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे उपकरणे यादीत दिसत होती, पण पहिला ग्राफ उगवलाच नाही. व्हॅलिडेटने 'पोलर चाललेलाच नाही' एवढेच सांगितले. नावातला बिंदू आम्हालाच शोधावा लागला.

वेळेबाबतही ही प्रणाली काटेकोर आहे. लिनक्स, पीएचपी आणि डेटाबेस या तिघांच्या वेळा जुळाव्या लागतात. पीएचपी यूटीसीवर राहिले आणि बाकी यंत्र एशिया-कोलकाता या टाइमझोनवर असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि व्हॅलिडेट लगेच तक्रार करते. पोलिंग दर पाच मिनिटांनी होते. एखाद्या अवाढव्य स्विचला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागू लागला, की ग्राफमध्ये फटी पडतात. अशा वेळी त्या उपकरणावरची नको असलेली मॉड्यूल बंद करणे हा पहिला उपाय.

नॅगिऑस कोअर

1999 साली नेटसेंट या नावाने ईथन गॅल्स्टॅड यांनी आणलेले हे चौघांतले जुने आणि साधे सॉफ्टवेअर. डेटाबेस नाही, सगळे साध्या मजकुराच्या फाइलींत. त्यामुळे इथल्या चुका लेखनाच्या असतात आणि त्या पकडण्यात नॅगिऑससारखे स्पष्ट कोणीच नाही. सुरू करण्यापूर्वी व्ही या पर्यायासह तपासणी केली, की कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीपासून सुरू होणाऱ्या व्याख्येत, कोणता होस्ट सापडला नाही, हे तो सांगतो. पुढे प्लगइन चालताना 127 हा रिटर्न कोड आला तर प्लगइन त्या जागी नाही आणि 126 आला तर ते चालवण्याची परवानगी नाही. एनआरपीईवर (दूरच्या यंत्रावर तपासण्या चालवणाऱ्या नॅगिऑसच्या जोडीवर) 'एसएसएल हँडशेक'ची तक्रार आली, की सर्टिफिकेटच्या मागे लागण्यापूर्वी दूरच्या यंत्रावरील अलाउड-होस्ट्स ही ओळ पाहावी, कारण बहुतेक वेळा मॉनिटरिंग सर्व्हरचा पत्ता तिथे लिहायचा राहिलेला असतो.

मात्र 24 पोर्टांचे चाळीस स्विच हाताने लिहायचे म्हणजे ओळींचा डोंगर होतो, आणि ग्राफसाठी वेगळी जोड द्यावी लागते. ठरावीक वीस-पंचवीस सेवा जिवंत आहेत का, एवढेच पाहायचे असेल, तरच आज नव्याने नॅगिऑस कोअर घ्यावे, असे माझे मत आहे.

ओपनएनएमएस होरायझन

जावा आणि पोस्टग्रेएसक्यूएल या दोन्हींचा सराव असलेला माणूस तुमच्याकडे नसेल, तर हा परिच्छेद वाचून पुढे जावे. आवृत्तीला चालणारा जावा नसला, तर पहिल्याच पायरीवर अडते. डेटाबेसचा पासवर्ड किंवा पीजी-एचबीए (डेटाबेसला कोणी जोडायचे ते ठरवणाऱ्या) फाइलमधली परवानगी चुकली, तर शेकडो ओळींचा जावा-ट्रेस समोर येतो आणि त्यातला सर्वांत खालचा 'कॉज्ड बाय' वाचायची सवय लागेपर्यंत माणूस घाबरून जातो. सुरू व्हायला त्याला काही मिनिटे लागतात. 8980 या पोर्टवर पान उघडत नाही म्हणून अनेक जण मध्येच रीस्टार्ट करतात आणि प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हजारो उपकरणे आणि ट्रॅपचा (उपकरणांनी स्वतःहून पाठवलेल्या सूचनांचा) पूर असलेल्या मोठ्या जाळ्यासाठी ते समर्थ आहे, यात शंका नाही.

आवृत्ती बदलताना

निवड करताना हा मुद्दा सहसा विचारात घेतला जात नाही, म्हणून त्यावर भर देतो. झॅबिक्सची नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होते, तेव्हा ती डेटाबेसची रचना स्वतःहून बदलते आणि तो बदल मागे घेता येत नाही. वेब-भाग व सर्व्हर यांच्या आवृत्त्या वेगळ्या राहिल्या, तर डेटाबेस जुळत नसल्याचे सांगून लॉगिनचे पानही उघडत नाही. 7.0 ला पीएचपी 8.0 लागते, त्यामुळे उबुंटू 20.04 मधल्या पीएचपी 7.4 वर त्याचा वेब-भाग चालत नाही. लिब्रेएनएमएस रोज रात्री स्वतःला अद्ययावत करते, ही सोय मोठी आहे, पण पीएचपी जुने झाले की ते तिथेच थांबते आणि व्हॅलिडेट पाहिल्याशिवाय ते ध्यानात येत नाही. ते मंथली चॅनलवर, म्हणजे महिन्यातून एकदाच अद्ययावत होण्याच्या पर्यायावर, ठेवावे आणि महिन्यातून एकदा तरी व्हॅलिडेट चालवून पाहावे.

मग काय घ्यावे

तुमच्या नेटवर्कचा मोठा भाग स्विच, राउटर आणि ॲक्सेस पॉइंटचा असेल आणि विभागात दोनच माणसे असतील, तर मी निःसंकोच लिब्रेएनएमएस सुचवीन. सर्व्हर, डेटाबेस, ईआरपीची सेवा आणि सोबत नेटवर्क असे सगळे एकाच ठिकाणी पाहायचे असेल, आणि लॉग वाचायला न कंटाळणारा निदान एक माणूस असेल, तर झॅबिक्स घ्यावे आणि त्याचीही दीर्घ मुदतीची आवृत्तीच घ्यावी.

दोन्हींत मन अडकले असेल, तर दोन व्हर्च्युअल यंत्रांवर दोन्ही बसवून एका गुरुवारी परीक्षा घ्यावी, कारण भोसरीत त्या दिवशी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते आणि कोणाचे काम अडत नाही. एका स्विचची कम्युनिटी स्ट्रिंग मुद्दाम चुकीची द्यावी, डेटाबेसचा पासवर्ड बदलावा, एका सर्व्हरची वेळ अर्धा तास पुढे न्यावी आणि ज्याने ही प्रणाली रोज सांभाळायची आहे त्याला, काय बिघडवले हे न सांगता, शोधायला बसवावे. त्याला कोणत्या यंत्रावर किती वेळ लागला, ते कागदावर लिहून ठेवावे आणि खरेदीची गरज नसली तरी मंजुरीसाठी वरिष्ठांकडे तोच कागद न्यावा.