अनेरॉइड बीपी मशीन, १३ महिन्यांनंतर: मीटर ठणठणीत, छळतो तो चिमुकला स्क्रू

अनेरॉइड म्हणजे पाऱ्याविना, काट्याच्या डायलवर (मीटरवर) बीपी दाखवणारं मशीन. कफ १८० पर्यंत फुगवायचा, बल्बवरचा हवा सोडायचा स्क्रू केसभर सैल करायचा, आणि काटा १६० वरून थेट १४० वर. मधले ठोके ऐकूच येत नाहीत. रोज चाळीसेक बीपी मोजणाऱ्या दवाखान्यात वॉरंटी संपताच हे सुरू झालं. सर्व्हिस सेंटरने मशीन उघडूनही न बघता फोनवरच निकाल दिला: "मीटर गेला, पूर्ण सेट बदला." मीटरला काहीही झालेलं नव्हतं.

हवेचा दाब सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरने (पाऱ्याच्या मापात) उतरायला हवा. नाडी ६० असली की ठोका सेकंदाला एकच पडतो. काटा सेकंदाला १० ने घसरला तर दोन ठोक्यांमध्ये १० मिलिमीटर निसटले. वरचं बीपी कमी आणि खालचं जास्त वाचलं जातं. म्हणजे अख्ख्या मशीनचा खरेखोटेपणा या स्क्रूवर अवलंबून, आणि नेमका तोच सगळ्यात हलक्या दर्जाचा बसवलेला असतो.

दुरुस्ती दहा मिनिटांची. स्क्रू उलटा फिरवून पूर्ण बाहेर काढा. टोकाशी काळपट चिकट थर दिसेल. ती बल्बच्या आतल्या रबराची पूड आणि कफचे धागे. मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून टोक आणि भोक दोन्ही साफ करा. कापूस नको, त्याचेच तंतू आत राहतात. तेल तर अजिबात नको, रबर फुगतं आणि धूळ चिकटते. वाळल्यावर बसवा आणि बंद करताना बोटांच्या जोरावर थांबा. करकचून आवळलं की आतली बैठक, म्हणजे स्क्रूचं टोक टेकतं ती जागा, घासली जाते, मग साफसफाईचाही उपयोग नाही. तशी वेळ आली तरी बल्ब आणि व्हॉल्व्ह एवढाच भाग सर्जिकलच्या दुकानात सुटा मिळतो, पूर्ण सेट कशाला घ्यायचा?

दाबल्यावर बल्बच्या शेपटाकडून (मोकळ्या टोकाकडून) हवा फुस्स निघून जात असेल तर शेपटाचा व्हॉल्व्ह गेला. कफमधली हवा उलटी येऊन बल्ब टणक होत असेल तर स्क्रूकडचा.

गळती तपासायला कफ स्टीलच्या डब्याभोवती गुंडाळा, २०० पर्यंत फुगवा, स्क्रू बंद. मिनिटाला ४ मिलिमीटरपेक्षा जास्त उतार नको. जास्त असेल तर बल्बकडची नळी गॉज लावून आर्टरी फोर्सेप्सने (चिमट्याने) दाबा. काटा थांबला तर दोष बल्ब-व्हॉल्व्हमध्ये, घसरतच राहिला तर कफ, नळी किंवा मीटरमध्ये. मग ब्लॅडर (कफच्या आतली रबरी पिशवी) काढून, थोडी हवा भरून पाण्यात धरा, बुडबुडे जागा दाखवतात.

पहिले सहा महिने मत असं होतं की पारा तो पारा. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ पासून लागू झाला, त्यानंतर पाऱ्याची मशीनं मागे पडत गेली. पण जुन्या पाऱ्याच्या मशीनला वाय कनेक्टरने (तीन तोंडांच्या जोडाने) जोडून ५०, १००, १५०, २०० वर, चढताना आणि उतरताना, ताडून पाहिलं, तर फरक कुठेही २ च्या वर नव्हता. मान्य केलं पाहिजे, मीटर चांगला आहे. ही पडताळणी दर सहा महिन्यांनी करावी, आणि मशीन हातातून पडलं तर त्याच दिवशी. फरक ३ च्या वर गेला तर मीटर दुरुस्तीला द्यावा.

घेताना एक मात्र बघाच: डायलवर शून्यापाशी बारीक खुंटी आहे का? असेल तर घेऊ नका. काटा आतून शून्याखाली सरकला तरी खुंटी त्याला शून्यावरच अडवून धरते. वरून सगळं ठीक दिसतं आणि १५० चा पेशंट १४२ म्हणून घरी जातो. खुंटी नसलेल्या मीटरमध्ये काटा खाली गेलेला डोळ्यांना दिसतो.

कफबद्दलची तक्रार कायम आहे. सोबत येतो तो २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा. ब्लॅडरने घेराचा ८० टक्के भाग वेढायला हवा. ३६ च्या दंडावर हाच कफ ओढूनताणून बसवला की बीपी खोटंच वाढतं आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. मोठा कफ पहिल्याच दिवशी वेगळा मागवा, आणि त्याच्या नळीचा जोड याच मीटरला बसतो का ते दुकानातच लावून बघा.