स्क्रीनशॉट घेणारं ट्रॅकर सॉफ्टवेअर : मॅनेजर लोकांनो, घ्यायच्या आधी वाचा

आमच्याकडे वर्क फ्रॉम होमवाल्यांच्या लॅपटॉपवर हे टाकलंय, दर १० मिनिटांनी स्क्रीनशॉट आणि माऊस-कीबोर्ड किती हलला त्याचे टक्के. टाइमशीट आपोआप भरली जाते, लॅपटॉप स्लो होत नाही, एवढं चांगलं आहे. पण हे मोजतं ते बोटं, काम नाही. माणूस कोड वाचतो, वहीवर डायग्राम काढतो, क्लायंटशी फोनवर बोलतो, तो सगळा वेळ 'आयडल', म्हणजे रिकामा बसलेला, आणि लगेच मॅनेजरचा मेसेज, कुठे आहेस? टीममधली जी मुलगी सगळ्यात अवघड बग (कोडमधल्या चुका) सोडवते तिचाच स्कोअर सगळ्यात कमी, फार वाईट वाटतं हो!

मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या सर्व्हेत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले आमचं काम नीट होतंय, आणि तशी पूर्ण खात्री असलेले बॉस फक्त १२ टक्के. ही दरी स्क्रीनशॉटने बुजणार कशी? आमच्या आधीच्या मॅनेजर मॅडम सकाळी १५ मिनिटं कॉल घ्यायच्या, आज काय देणार, कुठे अडलंय, बस, आणि डिलिव्हरी वेळेत जायची.

२ स्टार, ते पण टाइमशीटसाठी. छोट्या टीमने तर घेऊच नका.