नमुना अस्सल, माल नकली

न्यू जर्सीला राहायला आल्यापासून मी मण्यांचे दागिने करून विकते. रुखवतासाठी मण्यांची तोरणे ओवणाऱ्या माझ्या आत्याकडून शिकलेल्या या कलेला इथे सर्वांत जास्त मागणी येते ती हॅलोविनला. वटवाघळांची कर्णफुले, कवटीचे पदक, कोळ्याच्या जाळ्यासारखा गळ्याला लागून बसणारा चोकर, चेटकिणीच्या टोपीवर बांधायची मण्यांची पट्टी, अशा वस्तू 31 ऑक्टोबरपर्यंत भराभर खपतात आणि 1 नोव्हेंबरला त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गेल्या वर्षी मला फसवणाऱ्या विक्रेत्याला हे वेळापत्रक पक्के ठाऊक होते, अशी आता माझी खात्री झाली आहे.

मी जपानच्या हिरोशिमा प्रांतात तयार होणारे, मियुकी कंपनीचे डेलिका नावाचे मणी वापरते. 11/0 मापाचा हा मणी म्हणजे काचेच्या नळीचा इवलासा तुकडा असतो. त्याचा व्यास 1.6 मिलिमीटर आणि लांबी सुमारे 1.3 मिलिमीटर असते, आणि एका ग्रॅममध्ये साधारण 200 मणी बसतात. सगळे एकसारखे आणि मोठ्या भोकाचे असल्यामुळे ब्रिक स्टिचच्या विणीत ते विटांसारखे एकमेकांना चिकटून बसतात, आणि एकाच मण्यातून सुई तीन-चार वेळा सहज जाते. वटवाघळाचे दोन्ही पंख सारखे येतात ते माझ्या हातामुळे जितके, तितकेच या मापामुळे.

ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन खरेदीच्या एका ठिकाणी एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. दुकान बंद करत असल्यामुळे उरलेले डेलिका निम्म्याहून कमी भावात देत आहोत, असे तीत लिहिले होते. मी सावधपणे आधी नमुना मागवला. काळे, नारिंगी आणि जांभळे, प्रत्येकी 5 ग्रॅम मणी चार दिवसांत आले आणि ते शंभर टक्के अस्सल होते. त्या नमुन्यानेच माझा घात केला. मी प्रत्येक रंगाचे 200 ग्रॅम, म्हणजे एकूण सव्वा लाखाच्या आसपास मणी मागवायचे ठरवल्यावर विक्रेत्याने कळवले की, पैसे त्या संकेतस्थळामार्फत न देता थेट खात्यावर पाठवले तर आणखी 10 टक्के सूट मिळेल. सूट घेण्याच्या मोहाने मी 240 डॉलर बँकेच्या अ‍ॅपवरून पाठवले.

त्यानंतर माल निघाला, माल अडकला, घरात आजारपण आहे, अशी दर आठवड्याला नवी सबब येत राहिली. पाकीट हातात पडले ते 27 सप्टेंबरला. पिशव्यांवरची लेबले हुबेहूब होती, परंतु मणी ताटलीत ओतताच त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. भिंगाखाली धरले तेव्हा काहींच्या कडा गोलसर, काहींच्या तिरप्या तुटलेल्या, आणि भोके इतकी अरुंद की दहा नंबरची सुई दुसऱ्याच फेरीत अडकून बसत होती. त्याच क्षणी काम थांबवायला हवे होते, हे मी मान्य करते. पण तेवीस ऑर्डरी घेतलेल्या, हातात पाच आठवडे उरलेले आणि विक्रेता गप्प झालेला, म्हणून मी एकेक मणी निवडून, जवळजवळ तिसरा हिस्सा बाजूला काढून ओवायला बसले.

त्याचा परिणाम एका नऊ वर्षांच्या मुलीला भोगावा लागला. शाळेतल्या पार्टीत नाचताना तिला घाम आला आणि चोकरचा जांभळा रंग तिच्या मानेवर आणि पांढऱ्या पोशाखाच्या गळ्यावर उतरला. थोड्या वेळाने मण्याच्या धारदार कडेने दोरा कापला जाऊन सगळे मणी जमिनीवर विखुरले. तिच्या आईने पाठवलेला फोटो मी अजून पुसलेला नाही. मी सर्व तेवीस जणींना कळवून पैसे परत केले. घरात लहान मूल असेल तर सुटे मणी शोधून उचलावेत, हेही आवर्जून सांगितले.

पैसे परत मिळवण्याचे माझे प्रयत्न मात्र फळाला आले नाहीत. रक्कम तुम्ही स्वतःच पाठवली आहे, असे बँकेने सांगितले. व्यवहार आमच्याबाहेर झाला, असे संकेतस्थळाने सांगितले. क्रेडिट कार्डाने भरले असते, तर ठरल्याप्रमाणे माल न मिळाल्याची लेखी तक्रार बिल पाठवले गेल्यापासून 60 दिवसांत करण्याची सोय इथल्या कायद्यात आहे. मी फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडे, आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे तक्रार नोंदवली. कमिशन एकेकट्याचे प्रकरण सोडवून देत नाही, तरी त्याच विक्रेत्याविरुद्धच्या इतर तक्रारींना माझीही जोड मिळावी, एवढ्यासाठी ते केले.

मण्यांचे काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना विनंती आहे की, नमुना चांगला निघाला म्हणून मोठ्या मालाची तपासणी सोडू नका. पिशवीच्या वरचे नव्हे, तर मधले आणि तळाचे मणी घ्या. वीस मणी सुईवर ओवून पट्टीवर मोजा. अस्सल डेलिका दर वेळी सुमारे 26 मिलिमीटरच भरतात, आणि माझ्या पिशवीतले वेगवेगळे वीस मणी घेऊन तीन वेळा मोजले तेव्हा 24, 29 आणि 27 भरले होते. थोडे मणी नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यावर घासा. जांभळ्या-गुलाबी छटांचे काही अस्सल मणीही वरून रंगवलेले असतात आणि चांगले विक्रेते तसे स्पष्ट लिहितात, त्यामुळे केवळ रंग सुटला म्हणून माल नकली ठरत नाही. पण काळा किंवा नारिंगी सुटला आणि खाली पारदर्शक काच दिसली, तर तो माल दागिन्यात वापरू नका. हॅलोविनचा माल जूनमध्येच मागवा, म्हणजे भांडायला वेळ उरतो.

ते दुकान नोव्हेंबरमध्ये संकेतस्थळावरून नाहीसे झाले. यंदाच्या जुलैत, डाव्या कोपऱ्याला जळल्याचा डाग असलेल्या त्याच लाकडी टेबलावर ठेवलेल्या त्याच तीन पिशव्यांचा फोटो मला दुसऱ्या नावाच्या दुकानात दिसला. दुकान बंद होत असल्याची जाहिरातही शब्दशः तीच होती.